शुक्राणूची कंट्रोल सिस्टीम

लेखाचं नाव वाचून काही जण गालातल्या गालात हसले असतील, तर काहींनी पान उलटायला घेतलं असेल. थोडं थांबा. या सेमिस्टरला बायोमेडिकल इलेक्टिव्हच्या सेमिनारसाठी मी 'पेशींमधले सिग्नल' हा विषय घेतला होता. उदाहरण म्हणून हृदय नाहीतर मज्जातंतू घे, असं सगळ्यांचं मत पडलं, कारण ते 'सेफ' विषय. पण वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की फीडबॅक, पल्स, डेड टाइम, लॉक केलेली मेमरी हे सगळं एकाच ठिकाणी बघायचं असेल तर शुक्राणू कसा तयार होतो ते बघावं. शिवाय हृदयावर आपल्याला शाळेत भरपूर शिकवलेलं असतं. हा धडा मात्र आमच्या कॉन्व्हेंटमध्ये "घरी वाचून या" म्हणून सोडून दिला होता. तो घरीही कुणी वाचला नाही, हे वेगळं सांगायला नको.

माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून. त्यामुळे मराठी शब्दांसाठी आईला तीन-चार वेळा फोन करावा लागला. 'वृषण' म्हणजे नक्की काय, असं विचारल्यावर ती क्षणभर गप्पच झाली. जिथे मराठी शब्द फार जड वाटला तिथे इंग्रजीच ठेवला आहे. मराठी माध्यमवाल्यांनी सांभाळून घ्यावं.

मला सांगायचंय ते एवढंच. शुक्राणू आपोआप तयार होत नाही, आणि तयार झाला की लगेच कामाचाही नसतो. मूळपेशीपासून स्त्रीबीजाला भेटेपर्यंत प्रत्येक टप्प्यावर त्याला दुसऱ्या कुणाकडून तरी सिग्नल मिळावा लागतो. मधला एक सिग्नल चुकला की पुढचं काम अडतं. हे नीट कळलं तर आपल्या वयाची मुलं जिममध्ये जे काही टोचून घेतात त्याचं, आणि लग्न झालेल्या घरांमधून जे दुःख मुकाट्याने सोसलं जातं त्याचंही कारण समजतं.

ब्लॉक डायग्राम

सुरुवात मेंदूपासून होते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे. तो आपला कंट्रोलर. त्याच्या खाली लोंबणारी पिट्युटरी ग्रंथी म्हणजे ॲम्प्लिफायर. आणि वृषण म्हणजे प्लांट.

हायपोथॅलॅमस जीएनआरएच नावाचं हॉर्मोन सोडतो. या रेणूची रचना १९७१ मध्ये उलगडली. त्या कामाबद्दल अँड्र्यू शॅली आणि रॉजर गियमँ यांना १९७७ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. जीएनआरएच पोचलं की पिट्युटरी दोन हॉर्मोन रक्तात सोडते, एलएच आणि एफएसएच.

एलएच जातं वृषणातल्या लायडिग पेशींकडे. पेशीच्या बाहेरच्या बाजूला त्याचा रिसेप्टर असतो. हॉर्मोन रिसेप्टरवर बसलं की आत सायक्लिक एएमपी नावाचा छोटा रेणू तयार होतो. तो प्रोटीन कायनेज ए या एन्झाइमला जागं करतो. मग कोलेस्टेरॉल मायटोकॉन्ड्रियात ओढलं जातं आणि त्यापासून टेस्टोस्टेरॉन बनतं. सायक्लिक एएमपी आणि प्रोटीन कायनेज ए ही जोडी लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

एफएसएच जातं सर्टोली पेशींकडे. एन्रिको सर्टोली या इटालियन शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. वाढत्या शुक्राणूंना चारही बाजूंनी धरून ठेवणं, खाऊ घालणं, त्यांनी टाकलेला कचरा गिळून टाकणं ही सगळी कामं त्यांची. आमच्या मेसच्या काकू आणि रेक्टर या दोघांचं काम एकाच पेशीने करावं, तसं समजा. टेस्टोस्टेरॉनचा हुकूमसुद्धा शुक्राणू घडवणाऱ्या पेशी स्वतः ऐकत नाहीत. तो सर्टोली पेशी ऐकतात आणि पुढे पोचवतात.

आता फीडबॅक. टेस्टोस्टेरॉन रक्तातून मेंदूकडे परत जातं आणि "पुरे झालं" असं सांगतं. त्यामुळे जीएनआरएच आणि एलएच कमी होतात. सर्टोली पेशी इन्हिबिन बी नावाचं दुसरं हॉर्मोन पाठवून एफएसएच आवरतात. म्हणजे दोन निगेटिव्ह फीडबॅक लूप एकाच प्लांटवर.

यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे जीएनआरएचचा सिग्नल सलग नसतो. पुरुषांमध्ये तो साधारण दीड ते दोन तासांनी एका पल्सच्या रूपात येतो. या पल्सचं महत्त्व अमेरिकेत अर्न्स्ट नोबिल यांच्या गटाने माकडांवर प्रयोग करून १९७८ मध्ये दाखवलं. माकडाचं स्वतःचं जीएनआरएच बंद करून बाहेरून दर तासाला थोडं थोडं दिलं, तेव्हा पिट्युटरी छान चालू लागली. तेच औषध सलग सोडलं, तर एलएच आणि एफएसएच दोन्ही खाली आले. औषध तेच, फक्त देण्याची पद्धत बदलली आणि परिणाम उलटा! सतत सिग्नल आला की पिट्युटरी आपले रिसेप्टर आत ओढून घेते आणि बहिरी होते. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये टेस्टोस्टेरॉन खाली आणण्यासाठी डॉक्टर हीच युक्ती वापरतात. पल्स विड्थ मॉड्युलेशन आपण लॅबमध्ये करतो. शरीरात फ्रिक्वेन्सीला एवढा अर्थ असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

लूप तोडलं तर?

आता ही डायग्राम वापरून एक गणित सोडवू. समजा कुणी बाहेरून टेस्टोस्टेरॉनचं किंवा तसल्याच एखाद्या ॲनाबॉलिक स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं. प्लांटच्या आउटपुटला बाहेरून व्होल्टेज जोडल्यासारखंच हे. फीडबॅक सेन्सरला वाटतं आउटपुट भरपूर आहे. कंट्रोलर इनपुट बंद करतो. जीएनआरएच थांबतं, एलएच आणि एफएसएच खाली येतात, लायडिग पेशी रिकाम्या बसतात.

इथे कुणीही विचारेल, की रक्तात टेस्टोस्टेरॉन जास्तच आहे ना, मग शुक्राणूंना काय कमी पडलं? मुद्दा असा आहे की वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉनचं प्रमाण रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतं, कारण ते तिथेच तयार होतं. शुक्राणू बनायला तेवढं जास्त प्रमाण लागतं. इंजेक्शनने रक्तातली पातळी वाढते, पण कारखान्याच्या आतली कोसळते. दंड फुगतात, पण वृषण आकाराने लहान होतात आणि शुक्राणूंची संख्या घसरते. कधीकधी ती शून्यावर येते.

ही फक्त कागदावरची थिअरी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने हाच परिणाम गर्भनिरोधक म्हणून वापरून पाहिला होता. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिलं गेलं आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांच्या वीर्यात सहा महिन्यांत एकही शुक्राणू उरला नाही. म्हणजे जी गोष्ट शास्त्रज्ञांनी मूल होऊ नये म्हणून दिली, ती आपली मुलं 'मर्दानी' दिसावं म्हणून घेतात.

आमच्या विंगमधला एक जण गावातल्या जिममध्ये 'सायकल' घेणार होता. ट्रेनरने त्याला सांगितलं होतं की याने ताकद येते, बाकी काही होत नाही. मी त्याला वहीच्या मागच्या पानावर हीच ब्लॉक डायग्राम काढून दाखवली. तो इलेक्ट्रिकलचा आहे, त्यामुळे लेक्चर द्यावं लागलं नाही. "म्हणजे कंट्रोलर शटडाउन," एवढंच म्हणाला. त्याने सायकल घेतली नाही.

बहुतेकांच्या बाबतीत इंजेक्शनं थांबवली की काम पुन्हा सुरू होतं. पण त्याला कित्येक महिने लागतात, कधी वर्षापेक्षा जास्त, आणि सगळ्यांचं पूर्ण पूर्ववत होतंच असं नाही. एक खुलासा करतो. व्हे प्रोटीनची पावडर म्हणजे हॉर्मोन नव्हे. मात्र लेबलवर न लिहिलेलं स्टेरॉइड काही सप्लिमेंटच्या डब्यांत सापडल्याची उदाहरणं आहेत. आणि कुणाला खरोखरच टेस्टोस्टेरॉन कमी असल्याचं निदान झालं असेल, तर पुढे मूल हवं आहे हे डॉक्टरांना आधी सांगावं, कारण त्यावर उपचार बदलतो.

कारखान्याच्या आत

वृषणात अतिशय बारीक नळ्यांची गुंडाळी असते. नळीच्या भिंतीला लागून मूळपेशी बसलेल्या असतात. मूळपेशीपुढे प्रत्येक वेळी दोन पर्याय असतात. स्वतःसारखीच दुसरी पेशी बनवायची, की शुक्राणू होण्याच्या वाटेला लागायचं? सगळ्याच वाटेला लागल्या तर काही दिवसांत भांडवल संपेल. कुणीच लागली नाही तर उत्पादन शून्य.

हा निर्णयही सिग्नलवरच होतो. सर्टोली पेशी जीडीएनएफ नावाचं प्रथिन सोडतात आणि मूळपेशीवरचे रिसेप्टर ते पकडतात. त्याचा अर्थ, "अजून इथेच थांब." फिनलंडच्या शास्त्रज्ञांनी २००० मध्ये उंदरांवर दाखवलं की जीडीएनएफची पातळी कमी केली तर मूळपेशींचा साठा हळूहळू आटतो आणि गरजेपेक्षा वाढवली तर न घडलेल्या पेशींचे नुसते ढीग साचतात. सेव्हिंग आणि खर्च यांचा हा हिशोब आहे. महिन्याच्या वीस तारखेनंतर हॉस्टेलवर तो आपल्याला जमत नाही, पण ही पेशी तो पुरुषाच्या म्हातारपणापर्यंत सांभाळते.

"आता नीघ" हा सिग्नल येतो जीवनसत्त्व अ पासून बनणाऱ्या रेटिनॉइक ॲसिडकडून. ते पेशीच्या केंद्रकात शिरून काही जनुकं चालू करतं. त्यांतलं एक नसेल तर अर्धसूत्री विभाजन, म्हणजे मिऑसिस, नीट पार पडत नाही. जीवनसत्त्व अ न दिलेल्या उंदरांमध्ये पेशी सुरुवातीच्या पायरीवरच अडकून पडतात. पुन्हा दिलं की सगळ्या एकदम, परेड सुटल्यासारख्या पुढे निघतात. (हे वाचून कुणी मेसमधल्या गाजराच्या कोशिंबिरीवर तुटून पडू नये. नेहमीच्या जेवणातून ते पुरेसं मिळतं, आणि गोळ्या खाऊन वाढवलं तर विषारीही ठरू शकतं.)

मिऑसिसमध्ये ४६ गुणसूत्रांची २३ होतात. मग गोल पेशीला शेपटी फुटते, डोकं निमुळतं होतं, जास्तीचा सगळा पसारा टाकून दिला जातो. मूळपेशी वाटेला लागल्यापासून शेपटीवाला शुक्राणू नळीत सुटेपर्यंत माणसात साधारण ६४ ते ७४ दिवस जातात. एवढ्या वेळखाऊ कामातून निरोगी तरुणाच्या शरीरात सेकंदाला हजाराच्या आसपास शुक्राणू बाहेर पडतात, कारण असंख्य नळ्यांमध्ये वेगवेगळ्या पायऱ्यांवरचं काम एकाच वेळी चालू असतं. पाइपलाइनिंग म्हणतात ते हेच.

या दिवसांना आपल्या भाषेत डेड टाइम म्हणता येईल. आज जोराचा ताप आला तर त्याचा परिणाम आजच्या तपासणीत दिसणार नाही, काही आठवड्यांनी दिसेल. आणि आज सिगारेट सोडली तरी रिपोर्टमध्ये फरक दिसायला अडीच-तीन महिने थांबावं लागेल. डॉक्टर "तीन महिन्यांनी परत या" म्हणतात तेव्हा ते टाळाटाळ करत नसतात.

तापमानाचंही एक सांगून टाकतो. वृषण शरीराच्या बाहेर असतात, कारण त्यांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागतं. त्यामुळे लॅपटॉप खरोखरच 'लॅप'वर ठेवून रात्रभर प्रोजेक्टचं कोडिंग करायची सवय असेल तर टेबल वापरलेलं बरं.

लॉक झालेली मेमरी

शुक्राणूचं डोकं इतकं छोटं करायचं म्हणजे डीएनए दाबून भरावा लागतो. इतर पेशींत डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती सैल गुंडाळलेला असतो. शुक्राणूत बहुतेक हिस्टोन काढून त्यांच्या जागी प्रोटामिन घातली जातात आणि डीएनए घट्ट आवळला जातो. परिणाम असा की त्यावरची जनुकं आता वाचता येत नाहीत. एकदा बर्न करून लॉक केलेल्या रॉमसारखी अवस्था.

यातून एक मजेशीर अडचण तयार होते. बाकीच्या पेशींना नवीन सिग्नल मिळाला की त्या नवीन जनुक चालू करून नवीन प्रथिन बनवू शकतात. शुक्राणूला ते जमत नाही. यापुढे त्याच्यात जो काही बदल होईल तो बाहेरून चिकटवलेल्या प्रथिनांनी, आयन आत-बाहेर करून, नाहीतर आधीच्याच प्रथिनांवर फॉस्फेट लावून होणार. सॉफ्टवेअर बदलता येत नाही, फक्त स्विच ऑन-ऑफ करता येतात.

सहा मीटरचं ट्रेनिंग

वृषणातून सुटलेला शुक्राणू दिसायला अगदी पुस्तकातल्या चित्रासारखा असतो. पण त्याला पोहता येत नाही आणि तो बीजाला फलितही करू शकत नाही. इथून तो अधिवृषणात, म्हणजे एपिडिडिमिसमध्ये जातो. ही एकच नळी, उलगडली तर सुमारे सहा मीटर लांब, पण घड्या घालून काही सेंटिमीटरमध्ये बसवलेली. हा प्रवास करायला शुक्राणूला काही दिवस लागतात. वाटेत नळीच्या भिंतीतून सुटणारे सूक्ष्म फुगे त्याच्या अंगावर नवी प्रथिनं चढवतात, पटलातली चरबी बदलते आणि पोहण्याची यंत्रणा तयार होते.

ही नळी तरी कशी तयार होते? २०२० मध्ये जपानच्या शास्त्रज्ञांनी उंदरांमध्ये याचं छान उत्तर शोधलं. वृषणातल्या शुक्राणू घडवणाऱ्या पेशी नेल२ नावाचं प्रथिन नळीत सोडतात. ते द्रवाबरोबर वाहत पुढे जातं आणि अधिवृषणाच्या सुरुवातीच्या भागातल्या रॉस१ या रिसेप्टरवर बसतं. मग तो भाग पक्व होतो आणि असं एक एन्झाइम सोडतो की ज्यामुळे शुक्राणूवरचं एक महत्त्वाचं प्रथिन योग्य आकारात कापलं जातं. नेल२ नसलेल्या नर उंदरांना पिल्लं होत नाहीत. म्हणजे माल निघायच्या आधी कारखाना पुढच्या स्टेशनला कळवतो, "पाठवतोय, तयारीत राहा." हा सिग्नल रक्तातून न जाता नळीतूनच गेला, हे या शोधातलं विशेष.

अधिवृषणाच्या शेवटच्या भागात शुक्राणू साठवून ठेवले जातात. तिथलं वातावरण थोडं आम्लधर्मी असतं आणि बायकार्बोनेट अगदी कमी. त्यामुळे इंजिन तयार असूनही बंद राहतं आणि इंधन वाचतं.

शेवटचे सिग्नल, दुसऱ्याच्या घरी

आता सगळं झालं असं वाटेल. १९५१ पर्यंत शास्त्रज्ञांनाही तसंच वाटत होतं. त्या वर्षी अमेरिकेत एम. सी. चँग आणि ऑस्ट्रेलियात सी. आर. ऑस्टिन यांनी वेगवेगळं काम करून एकच गोष्ट दाखवली, की नुकताच बाहेर आलेला शुक्राणू बीजाला लगेच फलित करू शकत नाही. त्याला मादीच्या शरीरात काही तास काढावे लागतात, मगच ती क्षमता येते. पुढच्या वर्षी ऑस्टिन यांनी त्याला कपॅसिटेशन हे नाव दिलं. आपण त्याला क्षमताप्राप्ती म्हणू.

आत नक्की काय घडतं ते उलगडायला पुढची पन्नास वर्षं गेली. वीर्यात आणि स्त्रीच्या जननमार्गात बायकार्बोनेट अधिवृषणापेक्षा कितीतरी जास्त असतं. ते शुक्राणूत शिरतं आणि तिथल्या एका खास एन्झाइमला थेट चालू करतं. हे एन्झाइम सायक्लिक एएमपी बनवतं आणि त्यातून प्रोटीन कायनेज ए जागं होतं. आठवली ना जोडी? लायडिग पेशीत टेस्टोस्टेरॉनसाठी वापरलेलंच सर्किट इथे शेपटी हलवण्यासाठी. फक्त इनपुटला हॉर्मोनऐवजी बायकार्बोनेट. दुसरीकडे अल्ब्युमिन हे प्रथिन शुक्राणूच्या पटलातून कोलेस्टेरॉल काढून घेतं आणि पटल पुढच्या कामासाठी सैल पडतं.

मग येतं कॅल्शियम. शुक्राणूच्या शेपटीवर कॅटस्पर नावाचं कॅल्शियम चॅनल आहे. ते २००१ मध्ये डेव्हिड क्लॅफम यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. हे चॅनल शुक्राणूशिवाय शरीरात दुसरीकडे वापरात नाही. आतला पीएच वाढला की ते उघडतं. माणसात त्याला आणखी एक किल्ली लागते, प्रोजेस्टेरॉन, जे स्त्रीबीजाभोवतीच्या पेशी सोडतात. हे २०११ मध्ये दोन गटांनी एकाच वेळी दाखवलं. कॅल्शियम आत आलं की शेपटीची हालचाल एकदम बदलते. आतापर्यंत सरळ रेषेत वळवळणारी शेपटी चाबकासारखी फटके मारू लागते. या जोराशिवाय बीजाभोवतीचं जाड कवच पार होत नाही. शेवटी डोक्यावरची एन्झाइमची पिशवी फुटते आणि शुक्राणू बीजाच्या पटलाला भिडतो. तिथल्या शुक्राणूकडच्या कडीचं नाव इझुमो. जपानमध्ये लग्न जुळण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या इझुमो देवस्थानावरून २००५ मध्ये ते ठेवलं गेलं. शास्त्रज्ञही कधीकधी रोमँटिक होतात म्हणायचे!

क्षमताप्राप्ती लक्षात आली नसती तर टेस्ट ट्यूब बेबी झाली नसती. काचेच्या बशीत बीज आणि शुक्राणू नुसते एकत्र ठेवून चालत नाही. त्या द्रावणात बायकार्बोनेट, कॅल्शियम आणि अल्ब्युमिन घालून स्त्रीच्या शरीरातले सिग्नल तिथे उभे करावे लागतात. लुईस ब्राऊनचा जन्म १९७८ चा. त्याच वर्षी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींच्या प्रयत्नाने दुर्गा जन्मली. मुंबईत केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या कामातून ६ ऑगस्ट १९८६ ला हर्षाचा जन्म झाला.

तपासणी कुणाची?

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. आमच्या नात्यात एक वहिनी आहेत. लग्नाला पाच वर्षं होऊन मूल नव्हतं. त्या काळात त्यांच्या सोनोग्राफ्या झाल्या, रक्ततपासण्या झाल्या, एक छोटं ऑपरेशन झालं, उपास आणि नवस झाले. हळदीकुंकवाला बोलावणं येईनासं झालं. दादाची तपासणी पाच वर्षांत एकदाही झाली नाही, कारण "त्याला काय झालंय, चांगला धडधाकट आहे." शेवटी एका डॉक्टरांनी ठामपणे सांगितल्यावर त्याने ती साधी, कमी खर्चाची तपासणी केली. दोष तिकडे निघाला. त्या दिवशी घरात कुणी काही बोललं नाही. वहिनींची माफी कुणी मागितल्याचं मला आठवत नाही.

खरं तर मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये पुरुषाकडेही काहीतरी कारण असतं. वर सांगितलेल्या साखळीत किती कड्या आहेत ते मोजा. पल्स, एलएच, एफएसएच, जीडीएनएफ, रेटिनॉइक ॲसिड, अधिवृषण, बायकार्बोनेट, कॅटस्पर. यांतली एखादी तुटली तरी माणूस बऱ्याचदा बाहेरून धडधाकटच दिसतो. दाढी-मिशी, आवाज, दंड, सगळं जागच्या जागी.

तपासणीही एका आकड्यावर संपत नाही. २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेत एका मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख ही खालची मर्यादा धरली आहे. पण कॅटस्पर बिघडलेल्या काही पुरुषांत संख्या आणि साधी हालचाल दोन्ही नॉर्मल दिसतात, तरी मूल होत नाही, कारण शेवटचा सिग्नल ऐकायला कानच नाही. उलट एका रिपोर्टमध्ये आकडा कमी आला म्हणजे सगळं संपलं असंही नाही. डेड टाइम लक्षात घेऊन साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी लागते, आणि कारण सापडलं तर बऱ्याचदा उपाय असतो.

हीच साखळी उलट्या दिशेनेही उपयोगी पडणार आहे. गर्भनिरोधनाची जबाबदारी आजही बहुतेक करून बाईवरच असते. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी बायकार्बोनेटवर चालणारं ते एन्झाइम थोड्या वेळासाठी बंद करणारं औषध नर उंदरांना दिलं. एका डोसनंतर काही तास शुक्राणू निपचित पडले आणि दुसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत झालं. हॉर्मोनला हात न लावता फक्त एक स्विच ऑफ! माणसांसाठी असं औषध बाजारात यायला वेळ आहे, पण दिशा दिसली आहे.

शेवटी माझ्या हॉस्टेलच्या मित्रांना दोनच गोष्टी सांगतो. जिममध्ये कुणी इंजेक्शन पुढे केलं तर आधी त्याला फीडबॅक लूप काढून दाखवायला सांगा. आणि आणखी सहा-सात वर्षांनी आपली लग्नं होतील. तेव्हा मूल व्हायला वेळ लागला तर बायकोचा नंबर लावायच्या आधी स्वतःची तपासणी करून या. इंजिनियर आहोत, सिस्टीमचा अर्धा भाग न तपासता फॉल्ट दुसऱ्या अर्ध्यात आहे असं आपण लॅबमध्येही लिहीत नाही. मैत्रिणींनो, घरी कुणावर अशी वेळ आली असेल तर हे पान त्यांना जरूर वाचून दाखवा.